मोती चौकाजवळचं डीटीपीचं दुकान

दुकानाला नाव असं नाहीच. पाटीवर ‘झेरॉक्स, डीटीपी, स्पायरल’ एवढंच. पण हाताने लिहिलेली कथा टाइप करून घ्यायची असेल, तर साताऱ्यात मी दुसरीकडे जाणार नाही.

मी एसटीत कारकून. रात्री कथा लिहितो, दिवाळी अंकांना पाठवतो. बहुतेक साभार परत येतात, काही तर परतही येत नाहीत. ऑफिसात ‘काय साहित्यिक, यंदा कुठं?’ हे ठरलेलं. टोमण्यांचं काही वाटत नाही. खरा वैताग वेगळाच होता. परत आलेले कागद दुमडलेले, टाचण्यांनी भोकं पडलेले. पुढच्या संपादकाला तेच कसे पाठवायचे? सगळी कथा पुन्हा उतरवायची म्हटलं की नकार ताजा असताना हात चालत नाही. कितीतरी कथा त्यापायीच ट्रंकेत पडल्या. आता फाइल मेलवर असते. नकार आला की पत्रावरचं नाव बदलायचं, संध्याकाळी दुसऱ्या अंकाकडे रवाना.

टायपिंगवाल्या ताई पानाला 40 रुपये घेतात. युनिकोडमध्ये करतात, त्यामुळे संपादकांच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर अक्षरांचा खिमा होत नाही. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही देतात. शब्दसंख्याही कळते. एका अंकाला 3,000 शब्द हवे होते, माझी कथा भरली पावणेसहा हजार!

तक्रार एकच. संवादातलं ‘न्हाई’ त्यांनी सगळीकडे ‘नाही’ करून टाकलं. पाटणची म्हातारी एकदम सदाशिव पेठेत राहायला गेली.

‘‘अहो ताई, ती तशीच बोलते.’’

‘‘मला वाटलं काका, घाईत लिहिलंय तुम्ही.’’

बदलून दिलं, जादा पैसे घेतले नाहीत. आता पहिल्या पानावर लाल पेनाने ‘बोली तशीच ठेवणे’ लिहून देतो.

एकदा मात्र त्यांचा फोन आला, ‘‘काका, त्या बाईनं शेत विकलं का? नववं पान नाही यात.’’ पान घरी टेबलावरच राहिलं होतं. ती कथा त्याआधी दोन संपादकांनी परत केली होती. शेताचं काय झालं, हे विचारणाऱ्या पहिल्या त्याच.

दिवाळी अंक साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत साहित्य मागवतात आणि जूनमध्ये या दुकानात अ‍ॅडमिशनच्या झेरॉक्सला रांग असते. कथा मे महिन्यातच टाकून या. पानांवर आकडे घाला.