डोंगल, नवं कार्ड की नवा लॅपटॉप? थिजणाऱ्या मशीनवर आधी पैसे कुठे घालायचे

भाची इंदूरला भंवरकुआंजवळ खोली घेऊन बँकेच्या परीक्षांची तयारी करते. क्लासची निम्मी लेक्चरं ऑनलाइन, म्हणजे लॅपटॉप बंद तर अभ्यास बंद. पाच वर्षं जुन्या त्या मशीनला दोन दुखणी एकदमच लागली. कधी वायफायचं चिन्हच दिसेनासं व्हायचं, तर कधी सुरू करताना कंपनीचा लोगो यायचा आणि मशीन तिथेच थिजायचं. एका दुकानात दाखवलं, तर झाकण न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल मिळाला. मग मला फोन आला, “मामा, नवाच घेऊन टाकू का?”

मी तिला एवढंच विचारलं, थिजतो तेव्हा लोगोखाली गोल फिरणारे ठिपके दिसतात का? तुम्हीही खिशात हात घालण्याआधी हे बघा, कारण पुढची सगळी तुलना यावर उभी आहे. ठिपके दिसायच्या आधीच अडकत असेल, तर विंडोज अजून रंगमंचावर आलेलीच नाही. दोष बहुधा हार्डवेअरचा: लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, सैल बसलेली रॅम, शेवटच्या घटका मोजणारी डिस्क, किंवा वायफायचं कार्ड. शेवटचं नाव बऱ्याच जणांना पटत नाही. पण सुरुवातीला बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, बोर्डावरच्या प्रत्येक कार्डाची हजेरी घेतं, आणि बिघडलेलं कार्ड धड ‘हजर’ही म्हणत नाही, धड गप्पही बसत नाही. त्यात सगळी रांग खोळंबते. ठिपके फिरतच राहत असतील तर संशय ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर), अर्धवट अपडेटवर किंवा डिस्कवर. आणि डेस्कटॉप आल्यावर पाच मिनिटं माउस हलत नसेल, तर स्टार्टअपला चिकटलेले प्रोग्राम आणि जुनी हार्ड डिस्क.

फुकटातले उपाय आधी उरकून घ्या. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ पूर्ण बंद करतच नाही. फास्ट स्टार्टअपमुळे सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे झोपवले जातात आणि सकाळी तेच उठतात. रात्री रुसलेला वायफाय ड्रायव्हर सकाळीही रुसलेलाच. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. शट डाउननंतर वायफाय गायब आणि रीस्टार्टनंतर हजर, असं होत असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा आणि स्वस्थ पोहे खा. चिन्हच गेलं असेल तर मशीन बंद करून चार्जर काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. पुष्कळदा कार्ड परत येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती खूणही काढून टाका.

चिन्ह दिसतं पण नेट चालत नाही, ही तक्रार वेगळी. फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. तिथे लॅपटॉप सुरळीत चालला तर कार्ड ठणठणीत आहे, राउटरकडे वळा. राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यांत हे फार होतं: ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतीपुढे हात टेकतो. २.४ चा पलीकडे पोचतो, पण शेजारच्या दहा राउटरांच्या गर्दीत सापडतो. तिथे राउटरला १, ६ किंवा ११ यांतला मोकळा चॅनल द्या. हे करायचं सोडून कोणी कार्ड बदलायला निघाला, तर त्याला थांबवा.

आता डोंगल की कार्ड?

यूएसबी डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखं बाहेरून लावायचं वायफाय. त्याची बाजू सरळ आहे. काही उघडावं लागत नाही, उद्या दुसऱ्या लॅपटॉपलाही चालतो. घ्यायचाच तर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हींवर चालणारा घ्या. फक्त २.४ वाला स्वस्तात मिळतो, पण हॉस्टेलच्या इमारतीत त्याची दमछाक होते. आणखी एक, दुकानदार सहसा न सांगणारी गोष्ट: यूएसबी ३.० पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच खरखर निघते. डोंगल २.० च्या पोर्टात किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरवर लावला तर तोच डोंगल बरा चालतो. वाईट बाजू म्हणजे तो बाहेर डोकावत राहतो आणि खोलीत, गादीवर, सॅकमध्ये कधीतरी मोडतो.

आतलं कार्ड हे कायमचं उत्तर, पण आंधळेपणाने घ्यायचं नाही. बऱ्याच लॅपटॉपांत ते २२ बाय ३० मिलिमीटरचं असतं, दोन बारीक अँटेना वायरींसह. काही पातळ मॉडेलांत मात्र ते बोर्डावरच झाळलेलं असतं, तिथे विषयच संपला. इंटेलची फसगत तर नेहमीची: एएक्स२०१ आणि एएक्स२१० ही कार्डं दिसायला जुळी भावंडं, पण २०१ चं बरंचसं काम बोर्डावरच्या इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं, म्हणून ते ठरावीक इंटेल मशीनांतच चालतं. २१० स्वतंत्र आहे, बहुतेक ठिकाणी जुळतं. एचपी-लेनोवोच्या काही जुन्या लॅपटॉपांची बायोस तर यादीबाहेरचं कार्ड उंबऱ्याआत घेतच नाही. माझं मत विचाराल तर मशीन अजून तीन वर्षं वापरायचं असेल तर कार्ड, परीक्षेपर्यंत ढकलायचं असेल तर डोंगल. आणि आज रात्रीच लेक्चर असेल तर दोन्ही नको: फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफायशिवाय नेट येतं, नवा ड्रायव्हरही तसाच उतरवता येतो.

दुकानात नेलात की दुसरा पर्याय हमखास पुढे येतो, ‘विंडोज मारून देतो’, म्हणजे नव्याने टाकून देतो. ठिपक्यांनंतर अडकणाऱ्या मशीनला याचा उपयोग होऊ शकतो, लोगोवर अडकणाऱ्याला बहुतेक वेळा नाही. त्याआधी सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरांवर चालणारी विंडोज, बघा. सुरू होताना दोन-तीनदा पॉवर बटणाने तोडलं की दुरुस्तीचा पडदा येतो, तिथून आत जाता येतं. सेफ मोडमध्ये मशीन सुरळीत उघडलं तर बहुधा एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम दोषी, आणि त्यासाठी अख्खं घर पाडायची गरज नाही. विंडोजच्याच रीसेटमध्ये ‘माझ्या फाइल्स ठेवा’ निवडलं तरी टाकलेले प्रोग्राम जातात, हे लक्षात असू द्या. डिस्कच आजारी असेल तर रीसेट आणि चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) दोन्हीआधी फोटो-नोट्स बाहेर काढा, मरणाऱ्या डिस्कला राबवून घेऊ नका.

मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क घाला, इथे मी वादाला बसत नाही. फक्त साटा की एनव्हीएमई, एसएसडीच्या या दोन प्रकारांपैकी कोणाची जागा आहे ते मॉडेल नंबरवरून बघून घ्या. नव्या लॅपटॉपचा विचार मी एकाच कारणासाठी करेन. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची निदान आठवी पिढी लागते. सहाव्या पिढीच्या मशीनवर कार्ड, एसएसडी आणि मजुरी असा तिहेरी खर्च करणं मला पटत नाही.

स्वतः उघडायचं नसेल तर आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये दुकानांची कमी नाही. आत शिरताच रोग सांगू नका, काम सांगा: “भिया, पहले वायफाय कार्ड निकालके चालू करके दिखाओ.” समोर उघडायला तयार असेल तो माणूस आपला. आणि घरून निघण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या. दुकानात ती मागितली गेली आणि पासवर्ड बाबांच्या जुन्या नंबरावर असला, की दिवस गेलाच.

भाचीचं मशीन रविवारी माझ्याकडे आलं. ठिपके येतच नव्हते, म्हणून रॅम काढून पुन्हा बसवली: तेच. खालचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली, वायफाय कार्ड काढलं, बॅटरी परत जोडली. मशीन सुरळीत सुरू झालं, आठ वेळा बंद-चालू केलं तरी एकदाही अडकलं नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ ते एकच कार्ड होतं, मदरबोर्ड बिचारा निरपराध. परीक्षा दोन महिन्यांवर, म्हणून तिने डोंगल घेतला. मोकळ्या राहिलेल्या अँटेना वायरींची टोकं बोर्डाला टेकू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय, आणि काढलेला स्क्रू तिच्याच चार्जरच्या पिशवीत टाकलाय. एएक्स२१० बसवायच्या दिवशी तो लागेल.