जो मॅकडोना की क्रिस्टी रिंग?

हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ नव्याने बघू लागलेल्या मैत्रिणीने विचारलं, आयर्लंडच्या खालच्या गटांतली कोणती स्पर्धा धरू? २०१९चा हंगाम घेऊ.

मॅकडोना चषक दुसऱ्या पायरीवर, रिंग तिसऱ्या. मॅकडोना जिंकलेल्या लीश काउंटीच्या संघाला त्याच वर्षी ऑल-आयर्लंडच्या, म्हणजे सर्वोच्च स्पर्धेच्या, बाद फेरीत जागा मिळाली आणि त्यांनी चक्क वरच्या गटातल्या डब्लिनला हरवलं! रिंग जिंकलेल्या मीथच्या वाट्याला पुढच्या वर्षीची बढती. हरण्याची किंमतही मॅकडोनात जबर. १९९८चा ऑल-आयर्लंड विजेता ऑफली पाच संघांत तळाला राहून रिंगमध्ये घसरला. ते फार जिव्हारी लागलं. अंतिम सामने दोन्ही डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरच.

बलाढ्यांना धक्के बसताना बघायचे असतील तर मॅकडोना. छोट्या काउंटीची चढण वर्षानुवर्षं सोबतीने अनुभवायची असेल तर रिंग.