होडीवर फायर एक्स्टिंग्विशर: पावडर, सीओटू की क्लीन एजंट?

मांडव्याला नाहीतर मालवणला सुट्टीपुरती ठेवलेली अठरा-वीस फुटी फायबरची होडी, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. अशा होडीचा मालक विचारतो, ‘सगळ्यात चांगला एक्स्टिंग्विशर कोणता?’ दुकानदार बहुधा सगळ्यात महागडा पुढे करतो. मी उलट विचारतो, होडीला केबिन आहे का? इंजिन बाहेर टांगलंय की पेटीत बसवलंय? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आधी पावडर. लेबलवरची अक्षरं आगीचा प्रकार सांगतात: ए म्हणजे लाकूड-कापडासारख्या घन वस्तूंची, बी म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवांची, सीबद्दल पुढे. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. पेट्रोलच्या ज्वाळेवर ती झटकन लागू पडते, पण होडीच्या दृष्टीने तिचा खरा गुण वेगळाच आहे. तापलेल्या वस्तूवर पडली की ती वितळते आणि चिकट थर धरते. पेट्रोलची ज्वाळा विझली तरी खालचं फायबर, गादीचा फोम, दोरखंड धुमसतच असतात आणि क्षणात पुन्हा पेट घेतात. हा थर त्यांची हवा तोडतो. दुकानात बीसी पावडरही दाखवतात. तिच्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट असतं. ती पेट्रोलवर चालते, धुमसणाऱ्या वस्तूंवर नाही. फायबरच्या होडीला ती अपुरी.

वाऱ्यातही पावडरचा झोत बऱ्यापैकी पोचतो. फक्त वारा पाठीशी घ्यायचा, नाहीतर निम्मी आपल्याच डोळ्यांत. आणि हिशेबाने मारायची, कारण लहान सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. पहिले दोन सेकंद घाबरून ज्वाळेच्या शेंड्यावर घालवले तर बुडाशी मारायला उरतं काय?

आग विझल्यावर मात्र हीच पावडर रडवते. दमट हवेत ती आम्लासारखी वागते, अ‍ॅल्युमिनियम आणि वायरींचे जोड खाते, फिशफाइंडरच्या, म्हणजे मासे शोधायच्या यंत्राच्या, फटीत जाऊन बसते. चालू इंजिनाने हवेबरोबर ओढली तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. त्याच दिवशी आधी कोरडी झाडून काढा, मग गोड्या पाण्याने धुवा. उद्यावर टाकलंत तर खर्च दुप्पट.

सीओटूची कीर्ती स्वच्छपणाची, आणि ती खरी आहे. मागे कण उरत नाही, विजेच्या पॅनलवर बिनधास्त मारता येतो. पण उघड्या होडीत वायू आगीवर टिकायला तर हवा! भर खाडीत वारा सुटला की तो दोन सेकंदांत उडून जातो. माझ्या मते उघड्या होडीवर सीओटू घेणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. केबिनमध्ये उलटा धोका. तो ऑक्सिजन हटवूनच आग विझवतो, म्हणजे आत असलेल्या माणसाचाही श्वास कोंडतो. बाहेर पडताना वायू उणे ७८ अंशांपर्यंत गार होतो, त्यामुळे हॉर्नला, म्हणजे वायू सुटतो त्या भोंग्याला, उघडा हात लावू नका, कातडी जाते. शिवाय या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो. भरलेला आहे की रिकामा हे वजनावरूनच कळतं, आणि आतल्या वायूत दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली की रिफिल करायचा. दोन किलो वायूसाठी पाच-सहा किलोंचं धूड सांभाळावं लागतं ते वेगळंच.

क्लीन एजंट म्हणजे वायू होऊन आग विझवणारं, मागे काही न उरवणारं रसायन. हा हॅलॉन या जुन्या वायूचा वारस. हॅलॉन आग विझवण्यात सरस होता, पण ओझोनचा थर खायचा. १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबलं, भारतासारख्या देशांसाठी मुदत २०१०ची होती. आज त्याच्या जागी एचएफसी-२३६एफए किंवा एफके-५-१-१२ मिळतात. मागे कचरा नाही, वीज वाहून नेत नाहीत, सीओटूपेक्षा आटोपशीर. किंमत मात्र पावडरच्या कित्येक पट. एफके आणखी एका कारणाने तपासून घ्यावा. नोव्हेक १२३० या नावाने तो विकणाऱ्या थ्रीएमने डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केलं की पीएफएएस गटातल्या, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं उत्पादन २०२५अखेर थांबवणार. इतर उत्पादक आहेत, पण तुमच्या गावाजवळ रिफिल कोण करतो हे पैसे देण्याआधी विचारा. आणि उघड्यावर याचीही सीओटूसारखीच गत, वारा उडवून नेतो.

त्याची खरी जागा इंजिनपेटी. पेटीतून धूर दिसला की हात आपोआप झाकणाकडे जातो, आणि झाकण उघडताच ताजी हवा आत जाऊन भडका उडतो. म्हणून झाकणाला नोझल बसेल एवढं भोक पाडून त्याला बूच लावून ठेवतात, त्याला फायर पोर्ट म्हणतात. इंजिन बंद करायचं, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि झाकण न उघडता त्या भोकातून सगळा सिलिंडर सोडायचा. जमत असेल तर पेटीत आपोआप सुटणारा सिलिंडर कायमचा बसवून घ्या.

फोम मी दोन ओळींत संपवतो. पेट्रोलवर उत्तम, पण पाण्यावर आधारलेला आणि वजनदार. विजेच्या जवळ नको. छोट्या होडीत जागाही नाही.

लेबल वाचताना एका अक्षरावर अनेकजण फसतात. आपल्याकडे आयएस १५६८३ या मानकात सी म्हणजे गॅसची आग. अमेरिकी लेबलवर सी म्हणजे विजेची. परदेशी व्हिडिओ बघून ‘सी आहे ना, मग विजेवर चालेल’ असं आपल्या सिलिंडरबद्दल गृहीत धरू नका, विजेबद्दलची वेगळी सूचना लेबलवर शोधा. अमेरिकी तटरक्षक दलाचा एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे. तिथे एकदाच वापरायचा सिलिंडर बनल्यापासून १२ वर्षांनी बाद. बुडाशी कोरलेलं साल बघायची सवय त्यातून लागते.

बुडाशी बघायचं आणखी एक कारण. माझ्या पहिल्या होडीवरचा सिलिंडर तीन पावसाळे कप्प्यात होता. काटा हिरव्यात, सगळं छान. उलटा केला तर तळाची कड गंजून पापुद्रे सुटत होते आणि आतून काहीच सरकल्याचा आवाज नाही. लाटांच्या आदळआपटीने पावडर तळाशी विटेसारखी घट्ट बसली होती. दाब शाबूत होता, पण पिन ओढली असती तर नुसता फुसका बार. तेव्हापासून महिन्यातून एकदा सिलिंडर काढून उलटा करतो, कानाशी धरतो. वाळू घसरल्यासारखा सर्र आवाज आला पाहिजे. ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचं, नळीवर उन्हाने चिरा नाहीत ना, हेही तेव्हाच.

विजेवर चालणारं आउटबोर्ड घेणाऱ्यांना वरचं सगळं अर्धवट लागू. लिथियम बॅटरी आतूनच तापत जाते. ज्वाळा यातल्या कशानेही दबेल, पण पेशी गार करायला भरपूर पाणीच लागतं. बॅटरी पेटली तर आधी माणसं उतरवा.

तर उघड्या होडीला एबीसी पावडरचे दोन, एकेक वा दोन-दोन किलोंचे, एक सुकाणूपाशी आणि एक नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला. एकच मोठा घेऊन तो इंजिनाशेजारी टांगला तर आग लागल्यावर त्याच्यापर्यंत जाणार कसं? केबिन आणि इंजिनपेटी असेल तर पेटीसाठी क्लीन एजंट, माणसांच्या बाजूला एबीसी. आयएसआयची खूण दोन्हींवर बघून घ्या.