पीएचडीची लॅब की कंपनीची क्लीनरूम? रिजनरेटिव्ह मेडिसिनमध्ये जायचं असेल तर

परवा मामेबहिणीच्या मुलीचा मेसेज आला, मावशी, बीटेक बायोटेक संपतंय, रिजनरेटिव्ह मेडिसिनमध्येच जायचंय, पीएचडी करू की सरळ कंपनीत लागू? रिजनरेटिव्ह मेडिसिन म्हणजे पेशी वाढवून शरीराचा खराब झालेला भाग दुरुस्त करणं किंवा नवा बनवणं. आणि मेसेजखाली उंदराच्या पाठीवर कान उगवलेला तो नव्वदच्या दशकातला फोटो. आता तो कान माणसाचा नव्हताच, कानाच्या आकाराच्या विरघळणाऱ्या जाळीवर गाईच्या कार्टिलेजच्या (कूर्चेच्या) पेशी वाढवल्या होत्या, आणि इतकी वर्षं झाली तरी अजून कुठल्या ईएनटीवाल्याकडे असे कान स्टॉकमध्ये नसतात. पण पोरं याच फोटोपायी या फील्डमध्ये येतात, मीपण तशीच आले. साडेचार वर्षं लॅबमध्ये काढली, आता सेल थेरपीच्या, म्हणजे पेशीच औषध म्हणून देणाऱ्या, कंपनीत आहे, म्हणून म्हटलं फोनवर बोलण्यापेक्षा लिहूनच टाकते.

आधी लॅब. आयआयटी मुंबईचं बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग, पुण्यात एनसीएल, एनसीसीएस, तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा, बंगळुरूचं इनस्टेम, अशा रिसर्च संस्थांची नावं सगळ्यांना माहीत असतात. रोजचं काम काय, तर स्कॅफोल्ड, म्हणजे तशी जाळी, बनवायचा, त्यावर पेशी सोडायच्या, जगल्या का बघायचं, आणि बहुतेक वेळा त्या जगत नाहीत. पेशींना रविवार कळत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी अनंत चतुर्दशीला बाहेर ढोल वाजत होते आणि मी मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, बदलायला इन्क्युबेटर उघडला तर गुलाबी मीडिया लिंबू सरबतासारखा पिवळा आणि गढूळ, म्हणजे कंटॅमिनेशन, जंतू शिरले, म्हणजे तीन महिन्यांचं काम ब्लीच ओतून सिंकमध्ये. गाईड काही बोलले नाहीत, परत सुरू कर म्हणाले. हे परत सुरू करणं ज्याला जमतं त्यानेच पीएचडी करावी असं माझं मत आहे, हुशारी बिशारी नंतर.

पैशाचं म्हणाल तर पीएचडीवाल्यांची फेलोशिप २०२३ पासून महिन्याला जेआरएफ ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००, वर एचआरए. कागदावर बरं दिसतं पण वेळेवर येईलच असं नाही, माझी फेलोशिप एकदा सात महिने थकली होती आणि मेसवाल्या काकांनी उधारीची वेगळी वहीच केली होती.

आता कंपनी. इथे कोणी अवयव उगवत बसलेलं नसतं हे आधीच सांगते. उदाहरण घ्यायचं तर मुंबईच्या रिग्रो कंपनीचं कार्टिग्रो, त्याला २०१७ मध्ये सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण खात्याची, मान्यता मिळाली. पेशंटच्या कार्टिलेजचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि त्याच पेशंटच्या गुडघ्यात परत द्यायच्या. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं स्टेमप्युसेल मात्र डोनरच्या पेशींचं, एका बॅचमधून बऱ्याच पेशंटना जातं. पहिल्या प्रकारात एक पेशंट म्हणजे एक बॅच, ती खराब झाली तर त्या माणसाला परत टेबलावर घ्यावं लागतं, त्यामुळे क्लीनरूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या निर्जंतुक खोलीत, हात लॅबपेक्षा जास्त थरथरतो, निदान पहिलं वर्षभर तरी. गाऊनिंगलाच, म्हणजे निर्जंतुक कपडे चढवायलाच, वीस मिनिटं जातात, घड्याळ नाही, अंगठी नाही, मंगळसूत्र बाहेर लॉकरमध्ये. मग बीएमआर, म्हणजे बॅचची वही, प्रत्येक स्टेपला सही आणि वेळ, चुकलं तर खाडाखोड नाही, एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख.

खरा फरक मला इथे दिसतो. लॅबमध्ये पेशी काहीतरी विचित्र वागल्या तर सगळे मायक्रोस्कोपभोवती जमतात, कदाचित पेपर होईल म्हणून. कंपनीत पेशी विचित्र वागल्या तर डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरल्यापेक्षा काय वेगळं झालं ते लिहून द्यायचं, क्यूएची (क्वालिटीवाल्यांची) चौकशी आणि तुमची संध्याकाळ गेली. वेगळं काही घडू नये यासाठीच तिथे पगार मिळतो. हे काहींना कंटाळवाणं वाटतं, मला आवडतं, कारण शेवटी पेशी खऱ्या माणसात जातात, फ्रीजरमध्ये पडून राहत नाहीत.

पगार सुरुवातीला जास्त असेल असं समजू नका, माझ्याबरोबर लागलेल्या एमएस्सीच्या मुलींना फेलोशिपपेक्षा कमीच होता. पण जीएमपीचा, म्हणजे औषध बनवायच्या या कडक नियमांत काम केल्याचा, अनुभव लशींच्या किंवा बायोसिमिलरच्या (जैविक औषधांच्या कॉपीच्या) कंपनीतपण चालतो, उद्या सेल थेरपीचं बंद पडलं तर पुण्यातच दुसरीकडे जाता येतं. आणि बंद पडतं बरं का, अमेरिकेत कृत्रिम त्वचेच्या दोन कंपन्या, ऑर्गनोजेनेसिस आणि अ‍ॅडव्हान्स्ड टिश्यू सायन्सेस, प्रॉडक्टला एफडीएची मान्यता असतानाही २००२ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, त्यातली पहिली नंतर परत उभी राहिली. उलट बाजू अशी की पीएचडी नसेल तर आर अँड डीच्या दारात माणूस अडकतो, चार-पाच वर्षांनी हे जाणवायला लागतं.

स्टार्टअपचं विचारतात बरेच जण. बायरॅक या बायोटेक स्टार्टअपना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, आणि जागा पुण्यात व्हेंचर सेंटरला बघता येते. पण बीटेकनंतर लगेच नको, आधी कुणाच्या तरी पैशाने चुका करून घ्या.

एक मात्र नक्की टाळा, गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर स्टेम सेल (मूळ पेशी) टोचणारी क्लिनिक्स. तीपण लॅब सायंटिस्टच्या जाहिराती देतात आणि पगार चांगला सांगतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताच्या आजारांचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं, आणि सीडीएससीओने मान्य केलेली मोजकी प्रॉडक्ट्स सोडली, तर बाकी सगळं क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचं, पेशंटकडून पैसे न घेता. इंटरव्ह्यूला ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, मागा, चेहऱ्यावरून कळतं.

भाचीला मी सहा महिने कुठेही प्रोजेक्ट ट्रेनी म्हणून जा म्हटलं, पेशी स्वतःच्या हाताने मारून बघ आणि मग ठरव. तिचा रिप्लाय आला, मावशी, नेलपॉलिश चालतं का? लॅबमध्ये ग्लोव्हजखाली कोण बघतंय, क्लीनरूममध्ये नाही चालत.