चिलटांची वेळ कोण ठरवतं, उजेड की मेंदू?

कपिलतीर्थ मंडईतून आणलेली केळी काळी पडली की आमच्या ओट्यावर चिलटं हजर. सकाळी झुंबड, तिन्हीसांजेला पुन्हा. भर दुपारी सालीला चिकटून गप्प. मला वाटायचं, सगळा उजेडाचाच खेळ.

उजेडाची बाजू भक्कम आहेच. क्रिप्टोक्रोम हे प्रथिन निळा उजेड टिपतं, त्यामुळे मेंदूतल्या घड्याळाचा भाग असलेलं ‘टाइमलेस’ नावाचं प्रथिन मोडीत निघतं आणि ते घड्याळ रोज जुळवलं जातं. पण दिवा चोवीस तास चालू ठेवा, लय पार विस्कटते.

माझ्या मते मेंदूचं पारडं जड. मिट्ट अंधारातही चिलटं कित्येक दिवस साधारण 24 तासांची लय पाळतात. 1971 मध्ये कोनोप्का आणि बेंझर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की एकाच जनुकातल्या बदलाने ही लय 19 किंवा 28 तासांची होते. (उजेड तोच, चिलट वेगळं!) लाखावर पेशींच्या या मेंदूत अवघ्या 16 पेशी ‘पीडीएफ’ हा रासायनिक निरोप घड्याळाच्या इतर पेशींना धाडतात. हा निरोप नसलेली चिलटं 1999 साली तपासली गेली: पहाटेची लगबग जवळपास गायब, संध्याकाळची वेळेआधीच सुरू. अंधारात ठेवल्यावर बहुतेकांची लय ढासळली.

गंमत म्हणजे, दिवस-रात्रीचा उजेड-अंधार परत दिला की तीच चिलटं पुन्हा बऱ्यापैकी ताळ्यावर येतात. आमच्या ओट्यावरची ट्यूब मात्र रात्री बारापर्यंत जळते. बिचाऱ्यांनी संध्याकाळ कधी धरायची?