एपीआरएस वर्षभर वापरून: निव्वळ ट्रॅकर म्हणून घेऊ नका

कोलोरॅडोत राहतो, हॅमचं (हौशी रेडिओचं) टेक्निशियन लायसन्स आहे आणि डोंगरात भटकायची हौस आहे. जीपीएस नि एपीआरएस (रेडिओवरून आपली जागा आणि छोटे मेसेज पाठवायची यंत्रणा) आतच असलेला पाच वॅटचा हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, घेऊन वर्ष होत आलं. घेताना डोक्यात एकच होतं, मोबाइलला रेंज नसते तिथेही घरच्यांना मी नकाशावर दिसावा. तुम्हीही तेवढ्यासाठीच घेणार असाल तर जरा थांबा.

हँडी आपली जागा कॉलसाइनसकट (लायसन्सबरोबर मिळणारी रेडिओवरची ओळख) एका पॅकेटमध्ये भरतो आणि 144.390 मेगाहर्ट्झवर सोडून देतो (युरोपात 144.800). वेग 1200 बॉड, म्हणजे कानाला क्षणभराचा खरखराट. डोंगरावरच्या डिजिपीटरला, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुन्हा हवेत सोडणाऱ्या स्टेशनला, तो ऐकू आला तर तो पुढे पाठवतो, मग एखादा आयगेट (रेडिओ आणि इंटरनेट जोडणारं स्टेशन) इंटरनेटवर चढवतो आणि एपीआरएस डॉट एफआय या संकेतस्थळाच्या नकाशावर ठिपका उमटतो. नाही ऐकू आला तर विषय संपला. जागेच्या पॅकेटला पोच नसते. त्यातला एक बिट जरी बिघडला तरी अख्खं पॅकेट बाद.

डेन्व्हरहून आय-70 धरला की ठिपके झकास पडतात. आयझेनहॉवर बोगद्यापलीकडच्या दऱ्यांत शिरलो की बोंब. नाशिकला आई नकाशा उघडून बसलेली असते. तिचा फोन सुनेला जातो, "अगं, हा दोन तास त्या बोगद्यापाशीच दिसतोय. गाडी बंद पडली का?" आता घरात सगळ्यांना ठाऊक झालंय की ठिपका हलत नाही याचा अर्थ मी हलत नाही असा नव्हे. जिवावरचा प्रसंग आला तर उपग्रहावरून चालणारं एसओएसचं यंत्रच हवं. ते मी वेगळं बाळगतो.

मग वर्षभर हे टिकलं कशामुळे? मेसेजमुळे. ही यंत्रणा उभी करणारे अमेरिकी नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा (डब्ल्यूबी4एपीआर) 2022 मध्ये गेले. ही गाड्यांचा माग काढायची यंत्रणा नाही, आसपास काय चाललंय ते सगळ्यांना कळवायची दुतर्फा सोय आहे, हे ते कायम सांगत. ते मला एका खिंडीत पटलं. मोबाइल मेलेला, पश्चिमेकडून ढग चढत आलेले. डब्ल्यूएक्सबॉट या हवामान सांगणाऱ्या स्वयंचलित सेवेला गावाचं नाव पाठवलं. आधी पोच आली, मग तुकड्यातुकड्यांत हवामानाचा अंदाज. एका मेसेजला 67 अक्षरांची मर्यादा, त्यामुळे पाल्हाळ नाही. दुपारनंतर विजा आहेत एवढं कळलं आणि मी खाली उतरलो. हँडीच्या इवल्या बटणांवर टायपिंग मात्र शिक्षा आहे.

घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डायरवुल्फ हे एपीआरएसचं सॉफ्टवेअर टाकून आयगेटही उभा केलाय. इथे एक तक्रार: बरेच जण डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) जोडून फक्त ऐकणारा आयगेट लावतात. त्याने नकाशा सजतो, पण इंटरनेटवरून आलेला मेसेज हवेत सोडणार कोण? जमत असेल तर प्रक्षेपण करणाराच लावा.

बॅटरीबद्दल थोडक्यात: जीपीएस चालू ठेवून बीकन (जागेची पॅकेटं) सोडत राहिलात तर संध्याकाळ गाठणं कठीण, जादा बॅटरी घ्याच. स्मार्टबीकनिंग मात्र चालू करा. वेग आणि वळण बघून बीकन सुटतात, त्यामुळे घाटात रस्ता नीट उमटतो आणि पार्किंगमध्ये उभं राहून चॅनल अडवला जात नाही.

सगळ्यात मजा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची. त्यावरचा डिजिपीटर चालू असेल तेव्हा 145.825 लावायचं, पाथमध्ये (पॅकेट कुणामार्फत जावं ते सांगणाऱ्या रकान्यात) एआरआयएसएस लिहायचं आणि स्थानक डोक्यावरून जाताना बीकन सोडायचा. जेमतेम दहा मिनिटांची खिडकी, त्यात अर्ध्या खंडातले हॅम एकाच वेळी घुसलेले. स्वतःचं कॉलसाइन वरून परत ऐकू आलं त्या दिवशी हँडीचे पैसे वसूल झाले.

खासगीपणा हवा असेल तर हा छंद तुमचा नव्हे. हॅमवर मजकूर कूटबद्ध करून लपवायला मनाई आहे आणि अमेरिकेत कॉलसाइनवरून पत्ताही कुणालाही सापडतो. मी बीकन आमच्या वसाहतीबाहेर हमरस्त्याला लागल्यावरच चालू करतो.