धुराची बिअर घोटाने नाही, ग्लासाने प्यावी

बाम्बेर्गला जाऊन सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मागवायचा आणि ‘सगळं थोडं थोडं’ चाखायचं, असा कुणाचा बेत असेल तर तो घरीच ठेवून जावा. या गावाची खासियत म्हणजे राउखबिअर, म्हणजे धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या बार्लीची) बिअर. एका घोटात ती कळत तर नाहीच, उलट हमखास नावडते. शेजारच्या टेबलावर एका जोडप्याने पहिल्या घोटाला तोंडं वाकडी केली, ग्लास सरकवले आणि कोक मागवला. मला अक्षरशः उठून सांगावंसं वाटलं, अहो थांबा, अजून दहा मिनिटं द्या त्याला.

माझा भाचा न्यूरेंबर्गला असतो. तिथून साध्या रिजनल गाडीने तासाभराच्या आतच बाम्बेर्ग येतं. जर्मनीच्या बव्हेरिया राज्याचा हा उत्तरेकडचा भाग, फ्रांकोनिया. गावची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवणारी ठिकाणं, दहाएक. जुनं गाव 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे दिवसा कॅमेरेवाल्यांची झुंबड असते; संध्याकाळी मात्र गाव पुन्हा गाववाल्यांचं होतं. बव्हेरियाचा तो प्रसिद्ध शुद्धतेचा कायदा 1516 चा, पण बाम्बेर्गने बिअरमध्ये माल्ट, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही असा स्वतःचा नियम 1489 मध्येच केला होता. हे भाच्याने गाडीत सांगितलं आणि नंतर गावात भेटलेल्या प्रत्येकाने पुन्हा सांगितलं.

आम्ही तिघं होतो: मी, भाचा आणि माझा नवरा. नवरा शाकाहारी आहे आणि बिअरच्या बाबतीत ‘तू घे, मी तुझ्यातली बघतो’ या पंथाचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण फ्रांकोनियात शाकाहारी माणसाचं काय होतं हा वेगळाच विषय आहे. त्याकडे येतेच.

क्रम भाच्याने ठरवला होता. “मावशी, आधी हलका धूर, मग जिभेला सुट्टी, मग खरा धूर.” हा क्रम मी डोळे मिटून सुचवेन.

हलका धूर म्हणजे श्पेत्सियाल. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, ओबेरे क्योनिगश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर. ही ब्रुअरी 1536 पासूनची. आत लाकडी भिंती, लाकडी बाकं आणि आपलं टेबल म्हणून काही नाही. जिथे जागा दिसेल तिथे ‘इथे बसू का’ विचारायचं आणि बसायचं. आमच्या टेबलावर एक आजोबा आधीच वर्तमानपत्र पसरून बसले होते. त्यांनी मान हलवली, पेपर अर्धा दुमडला आणि मग तासभर आमच्याकडे बघितलंही नाही. इतकी आरामशीर सोबत मला बरेच दिवसांत मिळाली नव्हती.

इथली लागर तांबूस सोनेरी, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आतच. ग्लास नाकाशी नेला की आधी ताजी पोळी भाजल्यासारखा माल्टचा वास येतो, आणि धूर त्याच्या मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा दारातच उभा राहतो. घोट घेतल्यावर जिभेवर गोडसर, शेवटी किंचित कडू आणि गिळल्यानंतर कुठेतरी टाळूला धूर. माहीत नसतं तर मी कदाचित ओळखलाही नसता. नवऱ्याने माझ्यातली बघता बघता स्वतःची मागवली, यातच सगळं आलं. किती ग्लास झाले याची खूण वाढणाऱ्या बाई बिअरखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारून करतात. बिल त्या रेघांचं, म्हणून चकती जपायची, तिच्याशी चाळा करत तुकडे पाडायचे नाहीत.

आता धूर येतो कुठून ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बार्लीला पाण्यात भिजवून मोड आणतात आणि मग ते वाढणं थांबवायला वाळवतात, हेच माल्ट. पूर्वी उन्हाव्यतिरिक्त वाळवण्याचा मार्ग म्हणजे खाली जाळ पेटवायचा. जाळ आला की धूर आला, म्हणजे एके काळी बऱ्याच बिअरना धुराची चव असायचीच, त्यात कौतुक काही नव्हतं. पुढे नुसती गरम हवा वापरणाऱ्या भट्ट्या आल्या, धूर वेगळा काढता येऊ लागला आणि जगभरच्या ब्रुअऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाम्बेर्गात मात्र श्पेत्सियाल आणि आमचं शेवटचं ठिकाण श्लेंकेर्ला या दोघांनी जुनी रीत सोडली नाही. दोघंही आजही आपलं माल्ट स्वतः, बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर वाळवतात. याच गावात स्टेशनजवळ वायरमान ही 1879 ची माल्ट कंपनी आहे आणि जगभरच्या छोट्या ब्रुअऱ्या तिचं माल्ट मागवतात. म्हणजे तयार माल्ट गल्लीच्या तोंडाशी मिळत असताना हे दोघं लाकडं फोडत बसतात. हट्ट म्हणतात तो हाच.

रस्त्याच्या बरोब्बर समोर फेस्ला, 1649 ची. पिंप ढकलत नेणारा बुटका हे त्यांचं चिन्ह. इथे धूर नाही, म्हणून जिभेला सुट्टी. मी त्यांची काळसर त्स्वेर्गला घेतली: सहा टक्के, भाजलेल्या माल्टची, पण गोडाला फार न झुकणारी. चांगली आहे, पण संध्याकाळ तिच्यासाठी खर्च करावी अशी नाही. त्यांची बाम्बेर्गाटोर नावाची साडेआठ टक्क्यांची बिअर आहे, तिच्या नादी अजून एक ठिकाण शिल्लक असताना लागू नये. आत शिरल्याबरोबरच्या बोळात गावकरी उभ्यानेच ग्लास रिचवत गप्पा मारत असतात, तिथे थोडा वेळ उभं राहायला मजा येते.

खाण्याबद्दल एक तक्रार इथेच नोंदवते. दुपारी आम्ही नदीकाठच्या एका हॉटेलात बसलो होतो. नाव लिहीत नाही, मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो आणि सहा देशांचे झेंडे होते एवढी खूण पुरे. तिथे मी शॉयफरला मागवलं. डुकराच्या खांद्याचं हाडासकट भाजलेलं मांस, वर कुरकुरीत कातडी, सोबत बटाट्याचा गोळा: फ्रांकोनियाचा अभिमान. आलं पाऊण तासाने, कातडी चामड्यासारखी चिवट आणि रस्सा वाटीत साय धरलेला. कातडीवर सुरी टेकवली की ती फुटल्याचा आवाज यायला हवा. इथे सुरीच वाकत होती. पुढच्या खेपेला शॉयफरला ब्रुअरीच्या खानावळीतच खाईन.

मग दोन पूल ओलांडून जुन्या गावात. दुसऱ्या पुलावर, नदीच्या मधोमध जुनं टाउन हॉल उभं आहे, भिंतीवर रंगीत चित्रं असलेलं. फोटो काढा आणि पुढे चला, कारण श्लेंकेर्लात सात वाजल्यानंतर जागा मिळणं कठीण.

श्लेंकेर्ला कॅथेड्रलच्या टेकडीखाली, डोमिनिकानरश्ट्रासेवर आहे. घराचा उल्लेख 1405 सालापासून सापडतो. आत काळपटलेल्या तुळया, ठेंगणं छत, आणि जुन्या डोमिनिकन मठाचा कमानींचा एक दालनभाग. आम्हाला जागा मिळाली ती दाराजवळच्या खोलीत, पिंपाच्या बाजूला, आणि मला तीच आवडली. बिअर इथे लाकडी पिंपातून येते. ना पंप, ना गॅसचा सिलिंडर. पिंप ओट्यावर आडवं ठेवलेलं, त्याला पितळी तोटी हातोड्याने ठोकतात आणि बिअर आपल्या वजनाने खाली येते. एक पिंप संपून दुसरं लागताना मी पाहिलं. त्या माणसाने तोटी भोकावर टेकवली, दोन ठोके दिले, थोडी बिअर त्याच्या मनगटावर उडाली, ती त्याने अ‍ॅप्रनला पुसली आणि पुढच्या क्षणी ग्लास भरायला घेतला. त्याच्यासमोर रिकाम्या ग्लासांची रांग इतकी लांब होती की तोटी बंद करायची वेळच येत नव्हती. एक ग्लास भरला की दुसरा खाली सरकवायचा.

ग्लास आला. मेर्त्सेन, म्हणजे इथली नेहमीची राउखबिअर, 5.1 टक्के, अर्धा लिटर, चारेक युरो. रंग जवळजवळ काळा, पण दिव्यासमोर धरला की कडेला माणकासारखा लाल. वर जाड, किंचित पिवळसर फेस. वास? सरळ धूर. नवऱ्याने नाक जवळ नेलं आणि म्हणाला, “अगं, दूध करपलंय.” मी त्याला म्हटलं, गप्प पी. पहिला घोट माझ्याही तोंडात जाळावर धरलेल्या मांसासारखा लागला, बिअरसारखा नाहीच. दुसरा तसाच. तिसऱ्याला मी खायला काय मागवायचं यावर भाच्याशी बोलत होते आणि लक्षच नव्हतं. आणि अर्ध्या ग्लासाच्या आसपास धूर मागे हटला. तो गेला नव्हता, पण नाकाला तो सरावला होता. कुठलाही वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं कमी करतं. धूर बाजूला झाल्यावर खालची बिअर दिसली: माल्टचा गोडवा, बेताचा कडूपणा आणि शेवटी एकदम कोरडी, पुढच्या घोटाला बोलावणारी. चाखण्याच्या छोट्या ग्लासात हे होऊच शकत नाही. तेवढ्यात नुसता धूर हाती लागतो आणि माणूस घरी जाऊन ‘हॅमचं पाणी’ म्हणून लिहितो.

तरीही कुणाला धीर नसेलच तर त्यांची हेलेस, म्हणजे फिक्या रंगाची बिअर, मागवावी. तिच्यात धुराचं माल्ट नसतं, पण त्याच भांड्यांत आणि राउखबिअरच्याच यीस्टवर होते म्हणून तिला धुराची नुसती सावली असते. नवऱ्याने तीच घेतली आणि नंतर माझ्या मेर्त्सेनमध्ये वारंवार ‘बघत’ राहिला.

जेवणात मी बाम्बेर्गर त्स्विबेल घेतला: मोठा कांदा पोखरून आत डुकराचा खिमा भरतात, भट्टीत भाजतात, वर बेकनची पट्टी, बाजूला कुस्करलेला बटाटा आणि राउखबिअर घातलेला रस्सा. इथला कांदा या गावचाच लाडका. बाम्बेर्गच्या माळ्यांना ‘कांदे तुडवणारे’ म्हणत, कारण ते कांद्याची पात पायांनी तुडवून माना मोडत, म्हणजे सगळा जोर खाली कांद्यात उतरे. ताटातला कांदा इतका मऊ शिजला होता की पाकळ्या काट्यानेच सुटत होत्या, गोड झाल्या होत्या, आणि खिम्यात मिरी नेमकी. पण खरी गंमत रश्श्याची. रश्श्यात धूर, बेकनला धूर, ग्लासात धूर, तरी तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. कांद्याच्या गोडव्यानंतर बिअर कोरडी लागते, आणि बिअरनंतर कांदा आणखी गोड. ही बिअर या जेवणाशिवाय प्यायली तर अर्धीच प्यायली असं मी म्हणेन. कुस्करलेला बटाटा मात्र बेचव होता. चालायचंच.

आता शाकाहारी मंडळी. मेनूत ‘क्लोस मिट सोस’, म्हणजे बटाट्याचा गोळा आणि रस्सा, दिसला की हुरळून जाऊ नका. गोळा निर्दोष आहे, मधोमध तळलेल्या पावाचे तुकडे असतात, फार छान लागतो. पण तो रस्सा बहुतेक वेळा डुकराच्या भाजणीतून निघालेला असतो. विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही, कारण त्यांच्या लेखी ज्यात मांसाचा तुकडा नाही ते शाकाहारीच. भाचा जर्मनमध्ये नीट विचारून देत होता म्हणून नवरा वाचला. त्याने चीज, काळा पाव, मुळा, लोणी असं थंड ताट घेतलं. ओबात्स्दा मिळाला तर जरूर घ्या: मऊ चीज, लोणी, पाप्रिकाची (सौम्य लाल मिरचीची) पूड आणि कांदा एकत्र मळलेलं. राउखबिअरबरोबर ते इतकं जमतं की मी माझा कांदा सोडून त्याच्या ताटात हात घालत होते आणि तो धार्मिक कारणास्तव बदला घेऊ शकत नव्हता.

बायका वाढताना गोड हसतील अशी अपेक्षा नको. ग्लास रिकामा दिसला की भुवई उंचावतात, तुम्ही मान हलवली की नवा येतो. नको असेल तर चकती ग्लासावर ठेवायची. मला ही पद्धत ‘सगळं ठीक आहे ना’ विचारत दर पाच मिनिटांनी येणाऱ्यांपेक्षा शंभर पटीने बरी वाटली.

जाण्याआधी एवढं पाहून ठेवा: ब्रुअऱ्यांच्या खानावळींना आठवड्याची सुट्टी असते, प्रत्येकीचा वार वेगळा, आणि स्वयंपाकघर बिअरच्या बरंच आधी बंद होतं. रोख युरो जवळ असू द्या. नाताळाच्या सुमारास गेलात तर श्लेंकेर्लाची आइखे मिळते, बीचऐवजी ओकच्या धुराची, आठ टक्क्यांची. ती मी अजून चाखलेली नाही आणि भाच्याला डिसेंबरात सुट्टी आहे.

आम्ही मेर्त्सेनच्या दोन बाटल्या विकत घेऊन गाडी पकडली. बाटलीतली पिंपातल्याएवढी मऊ लागत नाही, गॅस जास्त असतो, तरी फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवली तर बरीच जवळ येते. रिकामी बाटली दुकानात परत केली की आठ सेंट मिळतात. भाचा ती न्यायला निघाला तर नवऱ्याने अडवली, जुन्या वळणाच्या अक्षरांचं लेबल आवडलं म्हणे. आता ती आमच्या बॅगेत मोज्यांत गुंडाळलेली आहे आणि आठ सेंटांवर पाणी सोडल्याचं भाचा अजून ऐकवतो.